वाळू दिसली की थांब

लोडशेडिंगच्या काळात वाढलेल्या प्रत्येकाला ती आरोळी आठवत असेल. लाईट आली की अख्ख्या गल्लीतून एकदम उठायची, "आलीऽऽऽ!" जणू सचिनने सिक्स मारलाय.

मे २००७. मी पाचवीची परीक्षा देऊन सुट्टीला मामाकडे गेलो होतो. सोलापूर, साखर पेठेचा भाग, बेचाळीसच्या आसपास टेम्परेचर. गल्लीत कसलंसं खोदकाम चालू होतं. कोण खोदत होतं, कशासाठी खोदत होतं ती नावं घेत नाही. त्यांनी काय उपयोग नाही. लाईट दुपारपासून गेलेली, त्यामुळे आजूबाजूचे माग बंद. सोलापूरच्या पेठांत मागाची खटखट थांबली की कान दुखतात, इतकी शांतता होते. त्या शांततेत फक्त पहारीचा आवाज येत होता. ठण्.. ठण्.. मग एकदा आवाज बदलला. ठण् च्या ऐवजी नुसतं 'धप'. पहार कशात तरी रुतली. खड्ड्यातला माणूस ती हलवून हलवून काढायला लागला.

आणि तेवढ्यात लाईट आली.

आम्ही पोरं सवयीने "आलीऽऽऽ" ओरडलो, आणि त्या ओरडण्यातच खड्ड्यातून निळा-पांढरा जाळ वर आला. त्यापाठोपाठ मोठा आवाज, आणि लाईट परत गेली. त्या माणसाचे दोन्ही हात आणि चेहऱ्याची एक बाजू भाजली होती. तो वाचला, एवढं नंतर कळलं. त्याचं नाव मला तेव्हाही माहीत नव्हतं, आजही नाही. पहारीचं टोक मात्र मी पाहिलंय. मेणबत्तीसारखं वितळलं होतं.

मामा वीज खात्यात लाईनमन. संध्याकाळी आला, खड्ड्यात उतरला, मातीचा एक मूठभर गोळा हातात घेऊन बराच वेळ बघत बसला. मग म्हणाला, "वाळू नाही बे हितं."

त्याचा अर्थ कळायला मला पुढे इंजिनियरिंगची चार वर्षं आणि हिंजवडीतली सहा वर्षं लागली. हा लेख त्या एका वाक्याबद्दल आहे.

*

मुळात तार जमिनीत पुरायची भानगड कुणी सुरू केली? सुरुवात विजेच्या दिव्यांच्या आधीची, म्हणजे तारायंत्राची. १८४९ मध्ये वेर्नर सीमेन्सने बर्लिन ते फ्रांकफुर्ट अशी तारेची लाईन टाकली. तिचा बराच भाग जमिनीखाली होता. गटापर्चा नावाच्या झाडाच्या चिकाचं वेष्टण, वर लोखंडी चिलखत वगैरे काही नाही, आणि खोलीही बेताचीच. थोड्याच काळात फॉल्टवर फॉल्ट सुरू झाले. उंदीर कुरतडायचे, खोदणारे तोडायचे. म्हणजे पुरलेली तार आणि पुरलेल्या तारेवर पडलेला घाव, दोन्हींचा इतिहास एकत्रच सुरू होतो. आणि फॉल्ट कुठे आहे हे तार न उकरता शोधायची विद्याही तिथेच जन्माला आली, कारण गरज पडली.

मग आले दिवे. ४ सप्टेंबर १८८२ ला एडिसनने न्यूयॉर्कमध्ये पर्ल स्ट्रीटचं वीजकेंद्र सुरू केलं, तेव्हा त्याच्या तारा पहिल्यापासून जमिनीखालीच होत्या. लोखंडी पाइपात तांब्याच्या कांड्या आणि मधे डांबरासारखं मिश्रण. गळती व्हायची ती व्हायचीच. ओल्या रस्त्यावर घोड्यांना झटके बसून ते उधळायचे, हा किस्सा एडिसननेच पुढे सांगितलेला आहे.

बाकीच्या कंपन्यांनी मात्र स्वस्तातला मार्ग धरला: खांब. बघता बघता न्यूयॉर्कचं आकाश तारांनी झाकून गेलं. मार्च १८८८ च्या हिमवादळात ते जाळं कोसळलं. पण लोकांचं डोकं खरं फिरलं ते ११ ऑक्टोबर १८८९ ला. जॉन फीक्स नावाचा लाईनमन तारायंत्राच्या तारांवर काम करत होता. त्या तारा निरुपद्रवी असायला हव्या होत्या, पण कुठेतरी लांब त्या जास्त दाबाच्या तारेला चिकटलेल्या होत्या. भर दुपारी, भर बाजारात, शेकडो लोकांसमोर तो तारांच्या जाळ्यात अडकून जळाला. त्यानंतर महापौरांनी खांब पाडायला लावले, आणि तारा जमिनीत गेल्या.

इथे एक गोष्ट घडली, जी कुणी मुद्दाम केली नाही. धोका संपला नाही, त्याची बदली झाली. आधी तो डोक्यावर होता, सगळ्यांना दिसत होता, आणि त्याच्याशी खेळायला शिकलेला माणूस नेमलेला होता. आता तो पायाखाली गेला, दिसेनासा झाला, आणि वाट्याला आला खोदणाऱ्याच्या. त्या खोदणाऱ्याचा विजेशी काही संबंधच नव्हता! तो पाण्याची पाइपलाइन टाकायला आलेला असायचा.

वरच्या तारेचा सगळ्यात मोठा गुण म्हणजे ती दिसते. सोलापूरकरांना हे वेगळं सांगायला नको. संक्रांतीला सिद्धेश्वराच्या यात्रेत, म्हणजे आपल्या गड्ड्यात, नंदीध्वज निघतात. इतका उंच ध्वज पेलून नेताना मानकऱ्यांची एक नजर कायम वर असते, तार कुठे आडवी येतेय का बघायला. खालच्या तारेसाठी अशी नजर कुणाकडे असणार? तिच्यासाठी एकच डोळा असतो, तो म्हणजे नकाशा. तो नसेल तर पहार हाच डोळा.

*

आता आपल्याकडे. मुंबई बेटावर ७ मे १९०७ ला विजेची ट्राम धावली, आणि त्या कंपनीची (आजची बेस्ट) वीज शहरात पसरली ती मुख्यतः जमिनीखालून. सोलापूरची गोष्ट निराळी. जुनी मिल १८७७ ला सुरू झाली ती वाफेवर. वीज नंतर आली, आणि पुढे पेठापेठांत, घराघरांत यंत्रमाग बसले. मग जिथे गल्ली अरुंद, गर्दी जास्त, तिथे थोडी केबल, बाकी सगळं खांबावर. कधी दोनशे मीटर खाली, मग वर, मग परत खाली. म्हणजे पॅचवर पॅच मारलेला जुना कोड. लिहिणारा सोडून गेलाय, कॉमेंट्स नाहीत, आणि प्रॉडक्शनला चालू आहे :-)

गंमत बघा. ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर-सोलापूर ही ७६५ केव्हीची लाईन जोडली गेली आणि दक्षिणेचं ग्रिड उरलेल्या देशाशी एकाच फ्रिक्वेन्सीवर आलं. आपल्या सोलापुरात अख्खा देश जोडला गेला! ती लाईन कुठून कुठे जाते ते शेतातलं शेंबडं पोर सांगेल. आणि मामाच्या गल्लीतली केबल रस्त्याच्या डाव्या अंगाला आहे का उजव्या, हे सांगणारी माणसं मोजून दोन. त्यातला एक २०१५ ला रिटायर झाला. तो म्हणजे मामा.

मामा फॉल्ट कसा शोधायचा ते ऐकण्यासारखं आहे. पहिली पायरी म्हणजे लूप. केबलमधली एक चांगली कोअर आणि एक खराब कोअर लांबच्या टोकाला जोडायची आणि या टोकाला व्हीटस्टन ब्रिज लावायचा. हो, तोच बारावीच्या प्रॅक्टिकलवाला. क्रिस्टीने १८३३ मध्ये मांडला, व्हीटस्टनने १८४३ मध्ये लोकप्रिय केला. ब्रिज बॅलन्स झाला की रेझिस्टन्सच्या गुणोत्तरावरून फॉल्टचं अंतर निघतं. याला मरे लूप टेस्ट म्हणतात.

"मग?" मी विचारलं.

"मग काय, आकडा आला सहाशे चाळीस मीटर. आता सांग, सहाशे चाळीस मीटर कुटं?"

मी गप्प. अंतर केबलच्या लांबीवर निघतं, रस्त्याच्या नाही. केबल वळणं घेत गेलेली असते. पुढे जॉइंट करायला लागेल म्हणून टाकतानाच ठिकठिकाणी ढिलाव्याचे वेढे ठेवलेले असतात. रूट माहीत नसेल तर तो आकडा म्हणजे रस्त्याचं नाव नसलेला घर नंबर.

म्हणून दुसरी पायरी, कान. केबलमध्ये मोठ्या कपॅसिटरमधून झटके सोडायचे. दर काही सेकंदांनी फॉल्टपाशी ठिणगी उडते आणि जमिनीतून 'धप्प' असा आवाज येतो. तो ऐकायला रात्री दोन-तीनला रस्त्यावर आडवं व्हायचं, कान डांबराला लावून. या गल्लीचा फीडर बंद म्हणून इथले माग बंद, पण पलीकडच्या गल्लीतले चालूच. त्या खटखटीतून 'धप्प' वेगळं काढायचं. मामाला ऐकू कमी येतं आता. ते वयामुळे का मागांमुळे, देव जाणे.

*

"अरे पण मशीन असतं ना?" असं तुम्ही म्हणणार. मीही म्हटलं होतं.

असतं. तत्त्व जुनंच आहे. तारेतून वीज वाहिली की भोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं, आणि बदलतं क्षेत्र दुसऱ्या वेटोळ्यात वीज निर्माण करतं. हे फॅरेडेने १८३१ मध्ये दाखवलं. त्यावर ग्रॅहम बेलने १८८१ मध्ये एक यंत्र केलं, गोळी लागलेल्या राष्ट्राध्यक्ष गारफील्डच्या शरीरातली गोळी शोधायला. यंत्र बरोबर होतं, पण पलंगाच्या गादीत स्टीलच्या स्प्रिंगा होत्या आणि गोळी काही सापडली नाही. भलतंच ऐकू येण्याचा आजार या यंत्रांना तेव्हापासूनचा.

आजचा केबल लोकेटर याच वंशातला. हातात धरून रस्त्यावरून फिरवायचा, खाली ५० हर्ट्झचा गुंजारव असेल तर तो वाजतो. पण यात दोन मेख आहेत. एक म्हणजे थ्री-फेज केबलमध्ये तिन्ही फेजचे करंट सारखे असले तर त्यांची क्षेत्रं बाहेर एकमेकांना जवळजवळ पुसून टाकतात. चांगली चाललेली, बॅलन्स्ड केबलच सगळ्यात कमी बोलते. दुसरी मेख म्हणजे करंट वाहत नसेल तर आवाज नाहीच. म्हणजे लोडशेडिंगमध्ये, दुपारी तीन वाजता, मामाच्या गल्लीत ते यंत्र फिरवलं असतं तर ते गप्प बसलं असतं. आणि गप्प यंत्राला माणूस 'खाली काही नाही' असं समजतो. खरा अर्थ 'मला ऐकू येत नाही' एवढाच असतो. आम्ही प्रोग्रॅमर लोक रोज हीच चूक करतो: एरर नाही आली म्हणजे कोड बरोबर.

याला उपाय आहे. केबलला आपणच ट्रान्समीटर जोडून वेगळ्या फ्रिक्वेन्सीचा, समजा ३३ किलोहर्ट्झचा सिग्नल सोडायचा आणि रस्त्यावर तोच ऐकत जायचं. पण त्यासाठी केबलचं एक तरी टोक माहीत पाहिजे, आणि ज्याची केबल आहे त्याने हात लावू दिला पाहिजे.

मग आलं जमिनीत बघणारं रडार, जीपीआर. रेडिओ लहरी खाली सोडायच्या आणि प्रतिध्वनी मोजायचा. ढकलगाडीसारखं असतं, स्क्रीनवर केबलच्या जागी उलट्या मिशीसारखी कमान दिसते. मी खूश झालो होतो. पण इथे आडवी आली आपली काळी माती. ज्या मातीने आपल्याला ज्वारी दिली, तीच रडारची वैरी. या मातीत चिकणमातीचं प्रमाण भरपूर, ती पाणी धरून ठेवते, वीज वाहू देते आणि लहरी गिळते. कोरड्या वाळूत कित्येक मीटर खाली बघणारं रडार ओल्या काळ्या मातीत कधीकधी मीटरभरसुद्धा जात नाही. वर ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि पोटातल्या केबलच्या जॉइंटांना वर्षानुवर्षं ओढत राहते.

आणि मीटरभर हाच नेमका आपला प्रश्न. आयएस १२५५ नावाचं भारतीय मानक आहे, १९८३ चं. त्यानुसार साध्या घरगुती दाबाची केबल ०.७५ मीटर खाली हवी, ११ केव्हीपर्यंतची ०.९० मीटर आणि ३३ केव्हीची १.०५ मीटर. हे झालं कागदावर. चर खणताना कडक मुरूम लागला, तर कितीजण पूर्ण खोली गाठतात? वर दर काही वर्षांनी रस्त्यावर डांबराचा थर चढतो, म्हणजे केबल न हलता खोल जाते. कधी रस्ता तासून खाली घेतात, मग ती न हलता वर येते.

त्याच मानकात अजून एक गोष्ट आहे. केबलच्या खाली-वर वाळूचा थर द्यायचा आणि त्यावर विटा किंवा सिमेंटच्या फरश्या मांडायच्या. वाळू केबलला टोचू देत नाही, वीट पहारीला अडवते. पण मामाच्या मते खरा उपयोग तिसराच.

"काळ्या मातीत वाळूचं काय काम हाय बे? नदीची वाळू सोताहून पेठेत येती काय? खांदताना काळ्यात पिवळं दिसलं की समज, खाली कुणीतरी चिठ्ठी ठिवलीय. वाळू दिसली की थांब."

म्हणजे वाळू ही जमिनीत लिहिलेली कॉमेंट होती. वाचायला मशीन नको, नकाशा नको, लिहितावाचता येण्याचीही गरज नाही. आणि त्या गल्लीत, आधीच्या कुठल्यातरी खोदकामात, कुणीतरी चर बुजवताना काढलेली मातीच परत लोटली होती. वाळू गेली, विटा गेल्या. चिठ्ठी पुसली गेली. तो माणूस वाचला तो केबलच्या पोलादी चिलखतामुळे. ते अर्थ केलेलं असतं, त्यामुळे बहुतेक करंट पहारीतून तिकडे गेला. त्याला भाजलं ते जाळाने.

*

योगायोग असा की त्याच मे २००७ मध्ये अमेरिकेत ८११ या नंबराचा देशभर प्रचार सुरू झाला. खोदण्याआधी फोन करा, मग ज्याच्या त्याच्या लाईनवाले येऊन रस्त्यावर रंगाने खुणा करून जातात. वीज लाल, गॅस पिवळा, टेलिफोन केशरी, पाणी निळं. आपल्याकडे २२ मार्च २०२३ ला 'कॉल बिफोर यू डिग' हे अॅप आलं. अंदाधुंद खोदकामाने केबली वगैरे तुटून देशाचं वर्षाला सुमारे ३,००० कोटींचं नुकसान होतं, असं सरकारने तेव्हा सांगितलं. कल्पना उत्तमच आहे. पण अॅप खोदणाऱ्याला केबलच्या मालकाशी जोडून देतं. मालकाकडेच नकाशा नसेल तर?

जमिनीच्या वरचा नकाशा काढायला लॅम्बटनने १८०२ मध्ये मद्रासहून सुरुवात केली आणि तेच करता करता १८२३ मध्ये तो आपल्या हिंगणघाटला वारला. एका आयुष्यात शेकडो मैल मोजले त्याने. आणि आपण दोनशे वर्षांनी तीन फूट खाली काय आहे ते विचारत फिरतोय.

म्हणून मागच्या दिवाळीत मी ठरवलं, मामाच्या डोक्यातलं बाहेर काढायचं. हुतात्माने सोलापूर गाठलं, मामाला चहा पाजला, आणि तीन दिवस सकाळी त्याच्यासोबत पेठेत फिरलो. त्याच्याकडे जुनी डायरी आहे. त्यात जॉइंटांच्या नोंदी, सगळ्या टेपने मोजलेल्या. 'देवळाच्या पायरीपासून ९ फूट, लिंबाच्या बुंध्यापासून १४ फूट.' दोन पक्क्या जागांपासून मोजलं की तिसरी जागा ठरते. साधी भूमिती, आणि माझ्या मोबाईलच्या जीपीएसपेक्षा कितीतरी अचूक. मोबाईल पेठेच्या बोळात पाच-पाच मीटर चुकतो, तेवढ्यात केबल रस्त्याच्या या अंगाची त्या अंगाला जाते.

पण लिंब तोडलाय. देवळाचा जीर्णोद्धार झालाय, पायरी पुढे आलीय. किती पुढे, कुणी मोजलं नाही. एका ठिकाणी वाड्याच्या कोपऱ्यापासून माप होतं. तिथे आता पार्किंगवाली अपार्टमेंट आहे. मामा तिथे बराच वेळ उभा राहिला. मग म्हणाला, "हितंच कुटंतरी." आयुष्यभर फुटाइंचात बोललेला माणूस!

३१ जॉइंटांपैकी १८ ची जागा मी पक्की करू शकलो. अमेरिकन सिव्हिल इंजिनियर लोकांचं २००२ चं एक मानक आहे, त्यात पुरलेल्या लाईनींच्या माहितीला चार दर्जे दिलेत. बी म्हणजे यंत्राने शोधलेली, सी म्हणजे वर दिसणाऱ्या खुणांवरून ताडलेली. सगळ्यात खालचा डी, म्हणजे जुने कागद आणि माणसांच्या आठवणी. म्हणजे मामा अधिकृतपणे 'डी' :-) मी नकाशावर प्रत्येक ठिपक्यापुढे ते अक्षर लिहिलं. तो कुठे नेटवर टाकला नाही. असल्या गोष्टी चव्हाट्यावर टाकायच्या नसतात, आणि चुकीचा नकाशा नसलेल्या नकाशापेक्षा वाईट, कारण त्यावर माणूस विश्वास ठेवतो. एक प्रत मामाने जिथे द्यायची तिथे नेऊन दिली. घेतली त्यांनी. पुढचं माहीत नाही.

आता सगळ्यात वरचा दर्जा कोणता, ए? तो मिळतो फक्त एकाच प्रकारे. जपून, हाताने चाचणी खड्डा घ्यायचा आणि केबल डोळ्यांनी बघायची. रडार, सॅटेलाईट, अॅप, सगळं झाल्यावर शेवटची खात्री अजूनही खड्ड्यात उतरलेला माणूसच देतो. परदेशात माती ओढून घेणारी व्हॅक्यूमची यंत्रं आलीत, आपल्या गल्लीत अजून फावडंच आहे.

मग किमान त्या माणसाला सांगू तरी. तुमच्या सोसायटीसमोर उद्या खड्डा पडला तर एवढंच करा: नकाशा बघितलाय का ते सुपरवायझरला विचारा, आणि खाली उतरणाऱ्याला मामाचं ते वाक्य सांगा. फुकट आहे. आणि चर बुजवताना उभे राहा, निघालेली वाळू आणि विटा परत त्याच जागी जातायत ना ते बघायला. पुढच्या माणसासाठी.

मामाला परवा फोन केला तेव्हा हा लेख वाचून दाखवला. सगळं ऐकून म्हणाला, "ते सगळं झालं, पण त्या गड्याचं नाव लिवायचं होतंस."

नाव कुणालाच माहीत नाही, मामा.